एकट्या कॅमेऱ्यावर गोव्याचा पावसाळा निघत नाही

मागच्या जुलैतली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ झाले असतील, भावोजींची नवी गाडी, घेऊन चार महिने पण झाले नव्हते, आणि आम्ही दोघं माशेलहून आमोण्याच्या पुलावरून साखळीला चाललो होतो. पाऊस असा लागलेला की वायपर फुल स्पीडला टाकला तरी काच एक क्षण दिसायची आणि दुसऱ्या क्षणी पांढरी. पूल ओलांडून थोडं पुढं गेलो आणि डॅशबोर्डवर केशरी अक्षरं आली, पुढचा कॅमेरा सध्या उपलब्ध नाही, ड्रायव्हर असिस्ट बंद. भावोजी म्हणाले, "घे, नेमका आत्ताच बंद पडला हा." मी काही बोलायच्या आत समोरून येणाऱ्या कदंब बसच्या ड्रायव्हरने दोनदा डिपर मारला, भावोजींचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला, आणि मग वीस-पंचवीस फुटांवर भर रस्त्यात बसलेली म्हैस दिसली. ती उठलीसुद्धा नाही. पाऊस होता म्हणून वेग चाळीसच्या आत होता, नाहीतर हा लेख लिहायला मी इथं नसतो किंवा ती म्हैस तरी नसती.

घरी येऊन मी गाडीचं मॅन्युअल काढलं. शोरूममध्ये सांगितलं होतं की सर ह्यात एडास आहे, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा, लेव्हल टू, गाडी स्वतः ब्रेक मारते. कशाच्या जोरावर मारते ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मी फोंड्याला बारा वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतोय, मी तरी विचारायला हवं होतं, ते माझ्या मनाला अजून लागून आहे. मॅन्युअलमध्ये मग बारीक टाईपात सापडलं, ह्या व्हेरिएंटमध्ये काचेमागं एक कॅमेरा, बाकी काही नाही, आणि मुसळधार पाऊस, धुकं, समोरून येणारा झगझगीत उजेड, काचेवरची घाण यापैकी काही असेल तर यंत्रणा काम करेलच असं नाही. आता सांगा, ह्यातलं काय नसतं गोव्यात जून ते सप्टेंबर?

माझं म्हणणं मी आधीच सांगून टाकतो. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा म्हणून जे काही भारतात विकायचं असेल ते पावसात, रात्री, दिवे नसलेल्या रस्त्यावर, मागचा लाईट गेलेल्या स्कूटरवर आणि बसलेल्या गुरावर तपासून मगच विकू द्यावं. कुठला सेन्सर बसवायचा ते कंपनीनं ठरवावं, पण परीक्षा आपली असावी. आणि अशी परीक्षा घेतली तर एकटा कॅमेरा पास होणार नाही, त्याच्या जोडीला कमीत कमी रडार तरी लागेल, असं मी जे काही शिकलो आणि शिकवलं त्यावरून ठामपणे सांगतो.

ह्या विषयावर आपल्याकडे जी काही चर्चा होते ती बहुतेक उसनी असते. इलॉन मस्क २०१९ मध्ये म्हणाले की लायडारच्या, म्हणजे लेझर सोडून अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या, मागं लागणं हा मूर्खपणा आहे, मग २०२१ मध्ये टेस्लानं अमेरिकेत विकायच्या गाड्यांमधून रडार पण काढायला सुरुवात केली आणि सगळं कॅमेऱ्यावर आणलं. दुसरीकडे वेमोची विना-ड्रायव्हर टॅक्सी, तिच्या सहाव्या पिढीत तेरा कॅमेरे, चार लायडार आणि सहा रडार, हा सेट त्यांनी २०२४ मध्ये जाहीर केला. मग इथली पोरं मोबाईलवर दोन पार्ट्या करून भांडतात, तू टेस्लावाला का वेमोवाला. पण वेमोनं पहिली टॅक्सी सेवा जिथं चालू केली त्या अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये वर्षाचा पाऊस साधारण २०० मिलिमीटर. आपल्याकडे वर्षाला ३,००० च्या आसपास पडतो, जुलैतल्या एखाद्या वाईट दिवशी त्यांचं आख्खं वर्ष चोवीस तासांत उतरतं. त्यांचं उत्तर आपलं उत्तर कसं होईल? शिवाय विना-ड्रायव्हर गाडी भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हर लोकांच्या नोकऱ्या जातील, असं नितीन गडकरी एकदा नाही अनेकदा बोललेत. म्हणजे आपल्यापुढं प्रश्न स्टिअरिंग कोण धरणार हा नाहीच. ड्रायव्हरला दिसलं नाही तेव्हा गाडीला दिसेल का, एवढाच प्रश्न आहे.

कॅमेऱ्याबद्दल मला राग नाही, हे आधी सांगतो. स्वस्त आहे, रंग कळतो, सिग्नल लाल का हिरवा हे फक्त त्यालाच कळतं, बोर्डावरचं वाचतो, रस्त्यावरचा पांढरा पट्टा त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला धड दिसत नाही. आणि काचेच्या आत, वायपरच्या पट्ट्यात बसतो ही पण चांगली गोष्ट. पण तो स्वतः काही पाठवत नाही, जो उजेड आहे त्यावरच त्याला भागवावं लागतं. रात्री तो उजेड म्हणजे आपली हेडलाईट, आणि ओल्या डांबरावर हेडलाईटचा उजेड पुढं निघून जातो, परत फार कमी येतो, म्हणून तर पावसात रस्ता गिळल्यासारखा वाटतो. त्यात समोरून एक गाडी अप्पर मारत आली की काचेवरच्या प्रत्येक थेंबाचा एक दिवा होतो. दुसरं म्हणजे एकच कॅमेरा असेल तर तो अंतर मोजत नाही, अंतराचा अंदाज करतो, वस्तू ओळखून ती चित्रात केवढी दिसते आणि रस्त्याला कुठं टेकते त्यावरून. त्यासाठी आधी वस्तू ओळखावी लागते. गाडीचा मागचा भाग त्याला लाखो चित्रांतून शिकवलेला असतो. पण पहाटे साडेपाचला पावसात निळं प्लास्टिक पांघरून, सायकलवर पावाची टोपली घेऊन चाललेला पोदेर त्याला कुणी शिकवला असेल? मागं लोखंडी शिगा लोंबकळत नेणारा टेम्पो, रेनकोट घातलेले तिघं जण एका स्कूटरवर?

लोक म्हणतात, माणूस दोन डोळ्यांवरच गाडी चालवतो ना, मग कॅमेऱ्याला काय झालं. हे टेस्लावाल्यांचं आवडतं वाक्य आणि ऐकायला बरोबर वाटतं. पण माणूस मान हलवतो, काच पुसतो, हळू करतो, समोरच्या बसचा डिपर बघून समजतो की पुढं काहीतरी आहे. आणि एवढं करूनसुद्धा माणूस नेमका पावसाळी रात्रीच चुकतो. जिथं माझे डोळे हरतात तिथं मला मदत पाहिजे, आणि त्या जागी तुम्ही मला माझ्याच डोळ्यांची नक्कल देताय.

आता रडार. आल्तिनोवर हवामान खात्याचं डॉपलर रडार आहे ते पणजीच्या लोकांना माहीत असेल. ते साधारण दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतं आणि पाऊस कुठं आहे ते बघतं. गाडीतलं रडार त्याच जातीचं, पण ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, लहर जेमतेम चार मिलिमीटरची, आणि त्याला पाऊस बघायचा नसतो, पावसाच्या पलीकडचं बघायचं असतं. मर्सिडीजनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी एस-क्लासमध्ये ते पहिल्यांदा बसवलं, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती, आता त्याचा मुख्य भाग एका चिपवर येतो आणि किंमत हजारांत मोजायची, लाखांत नाही.

रडारला पाऊस लागतच नाही असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, ते खरं नाही, आणि मी वर्गात हे गणित मुद्दाम करून घेतो. पावसाचा थेंब एक ते पाच मिलिमीटर, लहर चार मिलिमीटर, म्हणजे दोघं एकाच मापाचे, तर थेंब लहरीला अडवणारच. तासाला २५ मिलिमीटर पावसात किलोमीटरमागं साधारण दहा-अकरा डेसिबल जातात, डेसिबल म्हणजे इथं सिग्नल किती घटला त्याचं माप. ऐकायला फार वाटतं. पण आपल्याला किलोमीटर बघायचाच नाही, शंभर मीटरवरची स्कूटर बघायची, जाऊन-येऊन दोनशे मीटर, म्हणजे दोन डेसिबल, किरकोळ. तासाला शंभर मिलिमीटरचा ढगफुटीसारखा पाऊस धरला तरी जाऊन-येऊन सहा-साडेसहा डेसिबल, म्हणजे सिग्नल एक चतुर्थांश उरला. आणि रडारच्या समीकरणात पल्ला चौथ्या मुळानं बदलतो, सिग्नल चौपट कमी झाला तरी पल्ला शंभराचा सत्तर-पंचाहत्तर होतो, पंचवीस नाही. अशा पावसात माझ्या डोळ्यांचा पल्ला किती उरतो ते त्या म्हशीनं दाखवलंच आहे. आणि रात्र आहे का दिवस हे रडारला माहीतच नसतं.

अजून एक गोष्ट रडारकडे आहे जी साध्या कॅमेऱ्याकडेही नाही आणि आजच्या बहुतेक लायडारकडेही नाही, ते वेग थेट मोजतं. लहर परत येते तेव्हा तिची फ्रिक्वेन्सी किती सरकली त्यावरून समोरची वस्तू आपल्याजवळ किती वेगानं येतेय ते एकाच नजरेत कळतं. ती वस्तू काय आहे हे कळायची गरज नाही. पोदेराची सायकल त्याला कुणी शिकवलेली नसली तरी काहीतरी लोखंडाचं आहे आणि तू त्याच्यावर ताशी पन्नासनं चाललायस हे ते सांगू शकतं. गोव्यात दरवर्षी दोनशेहून जास्त माणसं रस्त्यावर मरतात, २०११ च्या जनगणनेत ज्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती अशा राज्यात, आणि त्यातले बहुतेक दुचाकीवाले. पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, कामावरून परतणारी पोरं, भाड्याच्या स्कूटरवर आलेले टुरिस्ट. ह्यांच्यासाठी म्हणून मी रडार मागतोय.

पण खरं सांगायचं तर त्या रात्री साधं रडार असतं तर म्हैस दिसली असती का, ह्याची खात्री मी देऊ शकत नाही. हा मुद्दा रडार विकणारे पटकन उरकतात म्हणून मी इथं थांबतो. साध्या रडारला दिशा फार बारीक कळत नाही, बंपरमागं मावणारा अँटेना केवढासा असतो, आणि उंची तर जुन्या रडारला जवळपास कळतच नाही. त्यामुळं रस्त्यावर उभी असलेली बंद गाडी आणि रस्त्याच्या वर उंचावर लावलेला लोखंडी बोर्ड ह्यांच्यातला फरक त्याला सांगता येत नाही. पर्वरीला उन्नत मार्गाचं काम चालू असताना दोन्ही बाजूंना ज्या पत्र्याच्या भिंती होत्या त्या रडारच्या दृष्टीनं नुसता गोंधळ. प्रत्येक स्थिर वस्तूला ब्रेक मारला तर गाडी चालणारच नाही, म्हणून कंपन्या वर्षानुवर्षं काय करत आल्या, वेग जास्त असेल तेव्हा जे हलत नाही ते सरळ गाळून टाकायचं, जोपर्यंत कॅमेरा दुजोरा देत नाही. आणि बसलेली म्हैस हलत नाही. म्हणजे रडारला ती दिसली असती तरी कदाचित त्यानं मानली नसती, आणि कॅमेरा दुजोरा द्यायला जागेवर नव्हता.

दिसणं आणि मानणं ह्यातलं अंतर किती जीवघेणं असतं ते अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात १८ मार्च २०१८ च्या रात्री जगानं बघितलं. उबरची स्वतः चालणारी, चाचणीची व्होल्वो गाडी, तिच्यावर लायडार, रडार, कॅमेरे सगळं होतं. एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. चौकशीत निघालं की धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्रणेला ती दिसली होती. पण यंत्रणा त्या बाईला कधी वाहन म्हणाली, कधी अजून काही, कधी सायकल, आणि प्रत्येक वेळी नाव बदललं की तिचा मार्ग नव्यानं मोजायला लागली, शिवाय झेब्रा क्रॉसिंग नसेल तिथं माणूस रस्ता ओलांडेल हे त्या सॉफ्टवेअरमध्ये धरलेलंच नव्हतं. त्या व्होल्वोचा कंपनीनं दिलेला आपोआप ब्रेक उबरनं चाचणीच्या वेळी बंद ठेवला होता. ती बाई गेली. आणि झेब्रा क्रॉसिंग नसेल तिथं रस्ता ओलांडणं ही आपल्याकडे रोजची रीत आहे, म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी पाच मिनिटं उभं राहून बघा. सेन्सरांची संख्या मोजून कुणी मला सुरक्षिततेची खात्री देऊ लागलं तर मला ती बाई आठवते. म्हणून मी सेन्सरची यादी मागत नाही, परीक्षा मागतो.

लायडारला ती म्हैस सगळ्यात चांगली दिसली असती, हे मान्य करायला हवं. लेझरचा झटका सोडायचा, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो म्हणजे तीस मीटरवरून उत्तर दोनशे नॅनोसेकंदांत येतं, आणि असे लाखो झटके एका सेकंदात. त्यातून समोरचा आकार उभा राहतो, उंची-रुंदीसकट. रस्त्यावर एक उंचवटा आहे, गाय का म्हैस का पडलेलं झाड ते नंतर ठरवू, पण उंचवटा आहे. अंधाराचा त्रास नाही. काळ्या कातडीवरून परतणारा उजेड कमी, म्हणून पल्ला घटतो, तरी पन्नास-साठ मीटरवर चांगलं लायडार चुकणार नाही.

पावसात मात्र त्याची परवड होते. बऱ्याच लायडारांची लहर ९०५ नॅनोमीटर, थेंब तिच्या हजारो पट मोठा, त्यामुळं प्रत्येक थेंब उजेड भलतीकडे वळवतो, थोडा परत पण पाठवतो, आणि गाडीच्या नाकासमोर खोट्या ठिपक्यांचा धुरळा उठतो. धुक्यात तर अजून वाईट, चोर्ला घाटात ऑगस्टमध्ये सकाळी गेलेल्यांना ते धुकं काय असतं ते सांगायला नको. काही कंपन्या १५५० नॅनोमीटर वापरतात, तो उजेड डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचायच्या आत डोळ्यातल्याच पाण्यात शोषला जातो म्हणून जास्त ताकदीचा लेझर सोडता येतो, पण जे पाणी डोळा वाचवतं तेच पाणी पावसात आणि काचेवरच्या ओलीत तो उजेड खातं. लायडारला नाव मिळालं ते २००७ च्या अमेरिकेतल्या अर्बन चॅलेंज ह्या विना-ड्रायव्हर गाड्यांच्या शर्यतीत, कॅलिफोर्नियात मोहावी वाळवंटातल्या व्हिक्टरव्हिलला. शर्यत पुरी करणाऱ्या सहापैकी पाच गाड्यांवर वेलोडाईनचं ६४ लेझरवालं युनिट फिरत होतं, किंमत तेव्हा ७५,००० डॉलर. आता चिनी कंपन्या दोनशे डॉलरच्या आसपास देऊ म्हणतात, म्हणजे उद्या आपल्या गाड्यांतही ते येईल आणि यावं. पण आज दहा लाखांच्या गाडीत लायडार कधी येणार म्हणून थांबून राहणं आणि तोवर नुसता कॅमेरा चालवून घेणं, हे मला पटत नाही.

एका चौथ्या डोळ्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, तो म्हणजे थर्मल कॅमेरा. अंगाची ऊब बघणारा, आठ ते चौदा मायक्रोमीटरच्या लहरीत. कॅडिलॅकनं २००० सालच्या मॉडेलमध्येच असा दिला होता. काचेतून ती ऊब जात नाही म्हणून तो बाहेर बसवावा लागतो, महाग आहे, आणि भर पावसात जनावराचं अंग वरून गार पडतं तेव्हा फरक कमी होतो हे खरंय. पण ज्या देशात रात्रीच्या रस्त्यावरची मोठी भीती म्हणजे गुरं आणि पायी चालणारी माणसं, दोन्ही उबदार, तिथं आपल्या इंजिनिअरांनी हा स्वस्त करायच्या मागं लागायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गाडी शोरूममधून बाहेर पडल्यावर काय होतं तो वेगळाच विषय, आणि तो मला जास्त सतावतो. फोंड्यात माझ्या ओळखीचा एक डेंटिंग-पेंटिंगवाला आहे, हात सोन्यासारखा, पण बंपरवर पुट्टीचा जाड थर देऊन वर मेटॅलिक रंग मारला की मागचं रडार आंधळं होऊ शकतं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सर, मग कंपनीनं वर लिहून ठेवायला नको होतं?" बरोबरच आहे त्याचं. पुढची काच बदलली की कॅमेरा परत कॅलिब्रेट करावा लागतो, नाहीतर त्याची नजर अर्धा अंश जरी वाकडी झाली तरी पन्नास मीटरवर जवळजवळ अर्धा मीटरचा फरक पडतो, म्हणजे स्कूटर त्याच्या हिशोबानं बाजूला आणि प्रत्यक्षात समोर. पुढं लोखंडी बुल बार लावणं २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं बंद करायला सांगितलं, तरी अजून लावलेले दिसतात, आणि तो बार रडारच्या बरोबर तोंडासमोर येतो. डिचोली-साखळी भागातला खाणीच्या ट्रकचा लाल चिखल ज्यांनी गाडीवरून खरवडून काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, सुकलेला थर रडारला फारसा अडवत नाही पण ओला अडवतो, पाण्याचा पातळ पडदा रडारच्या झाकणावर बसला तर कधी कधी तो बाहेरच्या पावसापेक्षा जास्त नुकसान करतो. हे सगळं परीक्षेत यायला हवं. धुतलेली, चकचकीत गाडी कोरड्या ट्रॅकवर नेऊन काय कळणार?

"आधी खड्डे बुजवा, दिवे लावा, गुरं कोंडवाड्यात घाला, मग रडारचं बघू," असं मला आमच्या स्टाफरूममध्येच ऐकवलं गेलं. मला ते पटतं, अर्धं. गुरं रस्त्यावर का बसतात तर पावसात बाकी सगळीकडे चिखल असतो आणि डांबर कोरडं, उबदार, माशाही कमी, त्यांचा दोष नाही, मालकाचा आणि पंचायतीचा आहे. दिवे नसणं हा सरकारचा दोष आहे. पण दिवे लागेपर्यंत ज्या गाड्या विकल्या जातील त्या पुढची पंधरा वर्षं ह्याच रस्त्यांवर धावणार आहेत. आज चुकीचा सेन्सर गेला की पंधरा वर्षांसाठी गेला.

दुसरी तक्रार जास्त वजनाची आहे. आपल्या ट्रॅफिकमध्ये गाडी भलत्याच वेळी ब्रेक मारते, मागचा येऊन ठोकतो, म्हणून लोक यंत्रणा बंदच ठेवतात. अरुंद रस्त्यावर वळणावर समोरून बस येते, रडारला ती क्षणभर थेट समोर दिसते आणि गाडी दचकते, हे मी स्वतः अनुभवलंय. पण ह्याचा अर्थ यंत्रणा आपल्या रस्त्यासाठी नीट बसवलेली नाही एवढाच. नव्या इमेजिंग रडारला उंची पण कळते, त्यामुळं वरचा बोर्ड आणि खालची गाडी वेगळी काढता येते, रडार आणि कॅमेरा दोघांनी मिळून सांगितलं तरच जोरात ब्रेक, एकट्यानं सांगितलं तर आधी आवाज, मग हलका ब्रेक, अशी पायरी ठेवता येते. हे सगळं आपल्या वळणांवर तपासून कुणीतरी बसवायला हवं, आणि परीक्षा असल्याशिवाय कुठलीच कंपनी तेवढे कष्ट घेणार नाही.

युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला आपोआप ब्रेक सक्तीचा झाला. अमेरिकेनं एप्रिल २०२४ मध्ये नियम केला, २०२९ च्या सप्टेंबरपर्यंतची मुदत दिली, आणि त्यात अंधारात पायी चालणाऱ्या माणसासमोर गाडी थांबते का ही चाचणी घातली. सेन्सरचं नाव घातलं नाही, काम सांगितलं. आपल्याकडे २०२५ मध्ये केंद्रानं बस आणि मोठ्या ट्रकसाठी अशा ब्रेकचा मसुदा काढला, सुरुवात मोठ्या गाड्यांपासून हे योग्यच आहे, त्यांच्याखाली सापडलेला माणूस वाचत नाही. भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून बघून तारे देणारी सरकारी योजना, १ ऑक्टोबर २०२३ पासून चालू झाली तेही चांगलं झालं, पण त्याचे तारे मुख्यतः गाडी धडकल्यावर आतल्या माणसाचं काय होतं त्याचे. बाहेरच्या स्कूटरवाल्याला त्या पाच ताऱ्यांचा काय उपयोग?

ताशी साठनं चाललेल्या गाडीचं साधं गणित मी मुलांना देतो. दीड सेकंद माणसाला कळायला, तेवढ्यात पंचवीस मीटर गेले. ओल्या रस्त्यावर थांबायला अजून पस्तीस-एक मीटर. झाले साठ. डिम लाईटमध्ये गडद कपड्यातला माणूस चाळीस-पन्नास मीटरवर दिसला तर दिसला. हे जे दहा-वीस मीटर कमी पडतात तेवढे गाडीनं भरून द्यायचे आहेत, यंत्रणेकडून माझी मागणी एवढीच, गाणी लावणारी आणि सनरूफ उघडणारी गाडी नको. आणि ती मागणी महागड्या टॉप व्हेरिएंटपुरती नको. २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० मध्ये कॅमेरा आणि रडार दोन्ही आले तेव्हा वाटलं होतं की आता हे खाली झिरपेल, पण झिरपताना पुष्कळ ठिकाणी रडार गळालं, कॅमेरा राहिला आणि नाव तेच राहिलं, एडास. ग्राहकाला दोन्हींतला फरक ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरांत कळला पाहिजे, कुठले सेन्सर आहेत, कशात बंद पडतात, आणि बंद पडल्यावर काय उरतं.

गोवा सरकारला माझी सूचना आहे की केंद्राची वाट न बघता एक काम इथं करता येईल. भाड्यानं दिल्या जाणाऱ्या गाड्या आणि नव्यानं घ्यायच्या बसगाड्या, ह्यांच्या खरेदीच्या अटी राज्य घालू शकतं, निदान स्वतःच्या बसना तरी नक्कीच. आणि चाचणी घ्यायला पुण्याच्या एआरएआय किंवा पिथमपूरच्या नॅट्रॅक्ससारखा मोठा ट्रॅक लागत नाही. सरळ पाचशे मीटर रस्ता रात्री दोन तास बंद करायचा, आकाशातून पडेलच, नाही पडला तर पाण्याचा टँकर आणि फवारे, एक जुनी स्कूटर मागचा लाईट काढून दोरीनं ओढायची, आणि भुसा भरलेली, पाण्याची गरम पिशवी पोटात घातलेली कातड्याची म्हैस रस्त्यात बसवायची. गाडी तीस, चाळीस, पन्नासनं आणायची आणि कुठं थांबली ते खडूनं लिहायचं. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी मोजमापाची सगळी तयारी करून ठेवलीय, भावोजी गाडी द्यायला तयार आहेत, रस्ता बंद करायची परवानगी तेवढी हवी, त्यासाठी अर्ज मी ह्याच आठवड्यात घालतोय.